लंगडत पोहणारा मासा

फिनलंडच्या पायान्ने सरोवरावर पोट असलेला लाउरी रापाला हा गरीब कोळी पाण्यात तासन् तास निरखून पाहत असे. लहान माशांच्या थव्यावर शिकारी मासा झेपावतो तेव्हा समोर येईल त्याला तो धरत नाही. ज्याची चाल बिघडली आहे, जो एका अंगाला कलत पोहतो आहे, नेमके त्यालाच तो टिपतो. हे रापालाने हेरले. १९३६ साली त्याने बुचाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. दोरीने ओढला की तो दुखावल्यासारखा डुलत जाई. १९६२ मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्यावर लेख छापला. मेरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतरचा तो अंक हातोहात खपला आणि फिनलंडकडे मागणीचा पूर लोटला.

म्हणजे ल्यूर (असे नकली आमिष) किती हुबेहूब दिसतो, याला फारसे महत्त्व नाही. ज्या माशासाठी तो टाकायचा, त्या माशाला जग कसे कळते, हे आधी ओळखावे लागते.

माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेषा जाते. तिच्यातल्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी पाण्याची हालचाल टिपतात. जिताडा, गोव्यात ज्याला चोणक म्हणतात, खाडीच्या गढूळ पाण्यातही शिकार साधतो त्यात या रेषेचा मोठा वाटा असतो. तो जबडा झटक्यात उघडतो आणि आत ओढल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर भक्ष्यही गिळतो. अशा पाण्यात थरथरणारा, खुळखुळणारा ल्यूर उपयोगी पडतो. नुसती चकाकी फार लांब पोहोचत नाही.

मांजरमाशाची गोष्ट वेगळी. त्याच्या मिशांवरच नव्हे, तर अंगभर कातडीवर रुचिकलिका असतात. त्याच्यासाठी लाकडी माशापेक्षा वासाचे, चवीचे आमिष केव्हाही भारी.

रंगाबद्दल गळकरी सर्वांत जास्त वाद घालतात. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे हातात लालभडक दिसणारा ल्यूर खोल गेला की काळपट होतो. अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या माशाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या आहेत. लाल आणि हिरवा त्याला वेगळे कळतात, पण निळा आणि काळा यांत त्याची गल्लत होते.

आणि प्रत्येक झडप भुकेपोटी नसते. आपल्या तळ्यांतला मरळ पिल्लांच्या घोळक्यावर पहारा देतो आणि जवळून सरकणाऱ्या रबरी बेडकावर तुटून पडतो. बासचा नरही घरट्यातल्या अंड्यांसाठी असाच लढतो. त्या दिवसांत ल्यूर फार सहज लागू होतो, आणि म्हणूनच तो तेव्हा टाकू नये. पहारेकरी गळाला लागला की ब्लूगिलसारखे छोटे मासे उघड्या घरट्यात शिरून अंडी फस्त करतात. नराला लगेच सोडले तरी तेवढ्या वेळात बरीच हानी झालेली असते. उत्तर अमेरिकेत अनेक ठिकाणी विणीच्या काळात बासची मासेमारी बंद ठेवतात ती याच कारणाने. मरळ लेकुरवाळा असताना आपल्या तळ्यांवरही गळ आवरता येईल.