उशिरा होणारे निदान : एक सामाजिक विषमता
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वैद्यकशास्त्राचा नव्हे, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. जमाखर्चाच्या वहीत जी नोंद दिसत नाही, ती रक्कम नसतेच असे नव्हे, एवढे मात्र त्या शाखेने मला शिकविले. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाबाबत आज मला हेच सांगावयाचे आहे.

जगात या रोगाचा सर्वाधिक भार कृष्णवर्णीय पुरुषांवर आहे. अमेरिकेत त्यांचा या रोगाने होणारा मृत्यूदर श्वेतवर्णीयांच्या सुमारे दुप्पट आहे. इंग्लंडमध्ये दर ८ पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी हा रोग होतो. कृष्णवर्णीयांत हेच प्रमाण दर ४ पुरुषांत एक असे आहे. यात आनुवंशिकतेचा वाटा आहेच. तथापि अमेरिकेत माजी सैनिकांना शासकीय रुग्णालयांत सारखे उपचार मिळतात, आणि तेथील अभ्यासांत निदानानंतरच्या मृत्यूंमधील ही तफावत जवळजवळ नाहीशी झालेली आढळली. म्हणजेच दुःखाचा काही भाग निसर्गाने दिलेला असला, तरी बराचसा भाग व्यवस्थेने दिलेला असतो.

आपल्या महाराष्ट्राकडे पाहू. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ साली सुरू झाली. ती देशातील पहिली होय. बार्शीची नोंदणी १९८७ साली सुरू झाली. ती देशातील पहिली ग्रामीण नोंदणी होय. मुंबईत प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषांच्या प्रमुख कर्करोगांत गणला जातो. बार्शी परिसरात त्याचे प्रमाण कित्येक पटींनी कमी नोंदले गेले आहे. खेड्यातील राहणीमुळे हा रोग खरोखरच काहीसा कमी असेल. परंतु जेथे तपासणीच होत नाही, तेथे नोंद तरी कोठून होणार? आपल्या अंबड तालुक्यातील शेतकऱ्याला रात्री चार वेळा लघवीला उठावे लागले, तर तो ‘वय झाले’ म्हणून गप्प बसतो. घरात हा विषय काढण्याचा संकोच वाटतो. पुढे कंबर धरते, तेव्हा ते कष्टाचे दुखणे समजून तेल चोळले जाते. काही रुग्णांत तोपर्यंत रोग हाडांत उतरलेला असतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लघवीचा त्रास म्हणजे कर्करोग नव्हे. उतारवयात ही ग्रंथी बहुधा साधी वाढ होऊनच मोठी होते. उलट, प्रारंभीच्या कर्करोगात काहीच त्रास जाणवत नाही, असेही घडते. ‘पीएसए’ ही रक्ततपासणी उपयुक्त असली, तरी ती अंतिम निर्णय देत नाही. साध्या सुजेनेही तो आकडा वाढतो. म्हणून सरसकट सर्वांची तपासणी करावी, असा आग्रह आम्ही धरीत नाही. पन्नाशी उलटलेल्या पुरुषांनी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे, वडील वा भावाला हा रोग झाला असल्यास त्याआधीच बोलावे, आणि लघवीतून रक्त गेल्यास एक दिवसही थांबू नये, एवढीच विनंती आहे.

केवळ बोलण्याने काय साधते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर बार्शीनेच दिले आहे. डॉ. बी. एम. नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदणीच्या निमित्ताने गावोगावी जाऊन कर्करोगाची लक्षणे समजावून सांगितली. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या, आणि त्यांचे जगण्याचे प्रमाण सुधारले. हे कोणत्याही महागड्या यंत्राने नव्हे, तर पायपिटीने व विश्वासाने घडले.

उपचारांची दारे आता पूर्वीइतकी दूर नाहीत. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ सालापासून कार्यरत आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार यांचा समावेश आहे. प्रोस्टेटचा कर्करोग बहुतांशी पुरुष संप्रेरकावर पोसतो. ते थांबविल्याने पसरलेला रोगही अनेकदा दीर्घकाळ आटोक्यात राहतो. म्हणून उशीर झाला तरी आशा सोडू नये, असे मी रुग्णांच्या नातेवाईकांना आवर्जून सांगतो.

मात्र अंबडहून तेथवर जाण्याचे बसभाडे, सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी आणि पहिल्या तपासणीचा खर्च कोणत्याही योजनेच्या कागदावर मावत नाही. दात्यांचा रुपया नेमका येथेच मोलाचा ठरतो. विश्वस्त मंडळास माझी नम्र सूचना आहे की, गरजू रुग्णांची पहिली तपासणी व प्रवास यांसाठी स्वतंत्र निधी राखून ठेवावा. तसेच दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे कामगार घर सोडण्यापूर्वी गावोगावी पुरुषांच्या आरोग्यावर बैठका घ्याव्यात.

माता-भगिनींनो, आपल्या घरातील वडीलधारी माणसे हा त्रास स्वतः होऊन सांगणार नाहीत. तुम्ही विचारा. देणगीदारांनो, आपण आजवर विश्वास ठेवलात, याबद्दल संस्था आपली ऋणी आहे. वहीत न आलेली ही नोंद वेळेवर घेण्यासाठी आपला हात असाच सोबत राहावा, ही प्रार्थना करून मी माझे दोन शब्द संपवितो.