नऊ जागांचे कार्ड : संगणकातील फाइलींचे अधिकार आणि ते बदलण्याची रीत



सोलापूरच्या चादरीवरील नक्षी मागावर उतरते ती पुठ्ठ्याच्या कार्डांवरून, हे या शहरात लहान मुलालाही ठाऊक असते. कार्डाला जेथे भोक असते तेथे जेकार्डाची सुई आत शिरते, तिचा आकडा उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. जेथे भोक नसते तेथे धागा खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, एवढ्या एकाच प्रश्नाच्या उत्तरावर संपूर्ण वेलबुट्टी उभी राहते. फ्रान्समधील लिऑन शहराच्या जोसेफ मारी जकार यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही युक्ती पुढे जगभर पसरली आणि सोलापूरच्या मागांनी ती आपलीशी केली.

संगणकात साठविलेल्या प्रत्येक फाइलीलाही असेच एक छोटे कार्ड जोडलेले असते. त्यावर मुख्यत्वे नऊ जागा असतात. ती फाइल कोणी वाचावी, कोणी तिच्यात लिहावे आणि कोणी ती चालवावी, हे या नऊ जागांवरून ठरते. हे कार्ड कसे वाचले जाते, ते बदलण्याचा अधिकार कोणाला असतो आणि ते निष्काळजीपणे बदलले तर कोणाचे नुकसान होते, हा या व्याख्यानाचा विषय आहे. विषय तांत्रिक असला तरी त्याचा संबंध कामगाराच्या मजुरीशी आणि शेतकऱ्याच्या सातबाऱ्याशी येतो.

तीन वर्ग, तीन अधिकार

या पद्धतीचे मूळ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आहे. तेथे केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स ही कार्यप्रणाली विकसित केली. नोव्हेंबर १९७१ मध्ये तिची पहिली माहितीपुस्तिका निघाली. फाइलीचे अधिकार बदलणारी सोय त्या पुस्तिकेतही होती. तिचे नाव 'सीएचमॉड', म्हणजे 'चेंज मोड' या शब्दांचा संक्षेप. त्या काळी लोकांचे दोनच वर्ग मानलेले होते : फाइलीचा मालक आणि इतर सर्व. एकाच कामावर अनेक माणसे एकत्र असतात, ही व्यवहारातील गरज लक्षात आल्यावर पुढे 'गट' हा तिसरा वर्ग आला.

आज मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग, आणि वाचणे, लिहिणे व चालविणे असे प्रत्येकाचे तीन अधिकार मिळून नऊ जागा होतात. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालविण्याला १ असे मूल्य दिलेले आहे. ज्या वर्गाला जे अधिकार असतील त्यांची बेरीज करून तीन आकडे शेजारी शेजारी लिहितात. ६४० याचा अर्थ मालकाने वाचावे व लिहावे, गटाने केवळ वाचावे, इतरांना काहीही नाही. ६४४ मध्ये इतरांनाही वाचता येते. ७७७ मध्ये सर्वांना सर्व काही करता येते.

युनिक्सची ही परंपरा पुढे लिनक्सने चालविली. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली तिचा आरंभ केला. भारतातील सी-डॅक या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही कार्यप्रणाली लिनक्सवरच आधारलेली आहे. अँड्रॉइड भ्रमणध्वनीचा गाभाही लिनक्सचाच आहे. या नऊ जागांचा हिशेब म्हणूनच आज प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. तो खिशातल्या यंत्रातही चालू असतो.

गाभ्याकडे केलेला अर्ज

कोणताही प्रोग्राम फाइलीच्या कार्डाला स्वतः हात लावू शकत नाही. कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तोच सर्व फाइलींचा अभिलेखपाल असतो. प्रोग्रामला काही हवे असेल तर त्याने ठरलेल्या नमुन्यात गाभ्याकडे मागणी करावी लागते. या मागणीला सिस्टीम कॉल म्हणतात. 'सीएचमॉड' या मागणीत दोनच गोष्टी नमूद करावयाच्या असतात : फाइलीचा पत्ता आणि हवे असलेले नवे अधिकार.

अर्ज आल्यावर गाभा प्रथम पत्त्याच्या वाटेवरील एकेक निर्देशिका ओलांडतो. अर्जदाराला त्या प्रत्येकीतून जाण्याची मुभा असावी लागते. फाइल सापडल्यावर अर्जदार तिचा मालक आहे की नाही हे तो पाहतो. मालकाखेरीज 'रूट' नावाच्या सर्वाधिकाऱ्यालाच हा बदल करता येतो. गटातील सदस्याला फाइलीत लिहिण्याचा पूर्ण अधिकार असला तरी तिचे अधिकार बदलण्याचा अधिकार त्याला नसतो. उलट मालकाने स्वतःचेच सर्व अधिकार काढून घेतले तरी ते पुन्हा बहाल करण्याची सत्ता त्याच्याकडे राहते. लिहिण्याचा अधिकार आणि अधिकार वाटण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व येथे फार स्पष्टपणे पाळलेले आहे.

अर्ज मंजूर झाला तर उत्तर शून्य येते. नामंजूर झाला तर उत्तर उणे एक येते, आणि त्यासोबत कारणही कळविले जाते. फाइल अस्तित्वात नाही, वाटेवर मज्जाव आहे, अर्जदार मालक नाही किंवा साठवण केवळ वाचनासाठी आहे, अशी ही कारणे असतात. अनेक प्रोग्राम लिहिणारे हे उत्तर वाचण्याची तसदी घेत नाहीत. मग फाइल सुरक्षित झाली असे कागदोपत्री दिसते, प्रत्यक्षात ती उघडीच राहते. अर्जाचे उत्तर न वाचता काम झाले असे समजणे दफ्तरात जितके चुकीचे, तितकेच येथेही.

आणखी एक दक्षता घ्यावी लागते. पत्ता तपासला आणि मग अधिकार बदलले, या दोन क्षणांच्या मध्ये त्या पत्त्यावरची फाइल कोणी दुसरीच ठेवली तर बदल भलत्याच फाइलीवर होतो. यासाठी 'एफसीएचमॉड' ही दुसरी मागणी आहे. ती पत्त्यावर अवलंबून राहत नाही. आधीच उघडून हातात घेतलेल्या फाइलीवरच ती काम करते.

एका शून्याची किंमत

वरील तीन आकडे दशमान पद्धतीचे नसून अष्टमान पद्धतीचे असतात. सी या भाषेत अष्टमान संख्येच्या आधी शून्य लिहावे लागते. ०६४० असे लिहिण्याऐवजी कोणी ६४० असेच लिहिले तर यंत्र ती साधी सहाशे चाळीस ही संख्या समजते. अष्टमानात तिचे रूप १२०० होते. त्याचा अर्थ असा की मालकाला फक्त लिहिता येईल, वाचता येणार नाही, आणि गटाला व इतरांना काहीच करता येणार नाही. प्रोग्राम बिनतक्रार चालतो, गाभाही अर्ज मंजूर करतो. कारण मागणी नियमात बसणारी आहे, केवळ तिचा अर्थ मागणाऱ्याच्या मनातला नाही. आरंभीचे एक शून्य गळाल्याने मालक स्वतःच्याच हिशेबाला पारखा होतो.

एखाद्या कार्डावर चुकीचे भोक पडले तर ती चूक एका फुलापुरती राहत नाही. कार्डांची माळ फिरेल तितक्या वेळा ती कापडावर उमटते. संगणकातही अशीच एक जागा आहे. 'उमास्क' नावाचा एक आकडा नव्याने तयार होणाऱ्या फाइलीतून कोणते अधिकार आपोआप वगळावेत हे ठरवितो. तो ०२२ असेल तर सामान्य फाइल ६४४ होते, म्हणजे ती सर्वांना वाचता येते. तो ०२७ असेल तर ६४० होते. गोपनीय हिशेब ठेवणाऱ्या संगणकावर हा आकडा चुकला तर त्या दिवसापासूनची प्रत्येक नवी फाइल तीच चूक घेऊन जन्माला येते.

सर्वांना सर्व काही

यंत्रमागांच्या किंवा विडी कारखान्याच्या एखाद्या कार्यालयाची कल्पना करावी. पगाराची फाइल ६४० आहे. हिशेबनीस तिचा मालक आहे आणि लेखा विभाग हा गट आहे. पगाराच्या आदल्या संध्याकाळी नवा छपाई प्रोग्राम ती वाचू शकत नाही. पडद्यावर 'परवानगी नाही' असे उत्तर येते. बाहेर कामगार खोळंबलेले आहेत. अशा वेळी कोणीतरी जाणकार ७७७ हा आकडा टाकतो आणि छपाई सुरू होते. सर्वांना हायसे वाटते आणि तो आकडा तसाच राहून जातो.

आता त्या संगणकावर खाते असलेल्या कोणालाही त्या फाइलीतील मजुरी बदलता येते. ती प्रत्यक्षात कोणी बदलेलच असे नाही. परंतु महिन्याभराने एखाद्या विडी कामगार भगिनीने 'माझ्या हजार विड्यांची नोंद कमी लागली' अशी तक्रार केली, तर तिला ठामपणे उत्तर देता येत नाही. नोंद खरी असेलही, पण ती खरी आहे असे शपथेवर सांगणारा कोणी उरत नाही. मनगटावरच्या कष्टाचा पुरावा त्या फाइलीत असतो, आणि त्या एका आकड्याने तो पुरावाच अविश्वसनीय होतो.

योग्य उपाय सोपा होता. छपाई प्रोग्राम ज्या खात्यावर चालतो ते खाते लेखा विभागाच्या गटात घालावयाचे, म्हणजे त्याला वाचता आले असते आणि लिहिता आले नसते. कामाला लागेल तेवढाच अधिकार, ज्याला लागेल त्यालाच आणि लागेल तेवढाच काळ, हे या शास्त्राचे सार आहे.

वाचणे सर्वांचे, लिहिणे जबाबदारीचे

महाराष्ट्रातील जमिनीच्या नोंदी हे याच तत्त्वाचे जुने आणि परिचित उदाहरण आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये जमिनीचा हक्क बदलला की त्याची नोंद गावचा तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, फेरफार नोंदवहीत घेतो. तिची प्रत चावडीत लावली जाते आणि संबंधितांना नोटीस जाते. हरकत आल्यास तिची चौकशी होते. नोंद प्रमाणित करणारा अधिकारी वेगळा असतो. लिहिणारा हात आणि खरे मानणारा हात एकच नसावा, याची काळजी कायद्याने संगणकाच्या आधीच घेतली आहे.

पंढरपूर, माढा किंवा अक्कलकोट तालुक्यातील शेतकरी आज आपला सातबारा संगणकावर पाहू शकतो. तो पाहण्याचा मार्ग सर्वांना खुला आहे, परंतु त्यात अक्षर बदलण्याचा मार्ग ठरलेल्या अधिकाऱ्यांपुरताच आहे. अशा मोठ्या प्रणालींचे स्वतःचे नियम फाइलींच्या या नऊ जागांहून पुष्कळ विस्तृत असतात. तत्त्व मात्र एकच आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नागरिकाला वाचण्याचा हक्क देतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अनधिकृत प्रवेश आणि फेरबदल यांना प्रतिबंध करतो. हे दोन कायदे एकमेकांच्या विरोधात नाहीत. नोंद सुरक्षित नसेल तर ती वाचण्याचा हक्कही पोकळ ठरतो.

नागरिक फेरफार वहीत स्वतः लिहीत नाही. तो अर्ज करतो आणि अधिकारी व्यक्ती ठरलेल्या रीतीने त्याचे काम करते. संगणकात याचे प्रतिरूप आहे. सामान्य वापरकर्त्याला सांकेतिक शब्दांच्या फाइलीत लिहिता येत नाही, तरीही तो स्वतःचा सांकेतिक शब्द बदलू शकतो. त्यासाठी नेमलेला प्रोग्राम चालू असताना तेवढ्या कामापुरता त्या प्रोग्रामच्या मालकाचा अधिकार वापरतो. ही सोय नऊ जागांपलीकडील एका खास खुणेने होते. डेनिस रिची यांना या कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९७९ साली मिळाले. ही खूण नको त्या प्रोग्रामवर पडली तर मात्र तिजोरीची किल्ली रस्त्यावर पडल्यासारखे होते.

कार्डाच्या मर्यादा

नऊ जागांनी सर्व संकटे टळतात असा समज करून घेऊ नये. अधिकार काढून घेतले तरी ज्या प्रोग्रामने फाइल आधीच उघडली आहे, त्याचे काम चालूच राहते. एखाद्याला फाइलीत लिहिण्याची मनाई असली, पण ती ज्या निर्देशिकेत आहे तिच्यात लिहिण्याची मुभा असली, तर तो सामान्यतः ती फाइल पुसू शकतो. तबकडी काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तर जुन्या गाभ्याचा पहाराच उरत नाही. तेथे मजकूर कूटबद्ध करणे हाच उपाय. आणि अधिकार केव्हा बदलले हे फाइलीवरून कळले, तरी ते कोणी बदलले हे कळत नाही. त्यासाठी वेगळी नोंदवही ठेवावी लागते.

संगणकाचे शिक्षण घेणारी सोलापूरची मुले-मुली उद्या बँकांत, रुग्णालयांत, साखर कारखान्यांत आणि शासकीय कचेऱ्यांत कामाला लागतील. 'परवानगी नाही' हे उत्तर त्यांच्यापुढे अनेकदा येईल, बहुधा घाईच्या वेळीच येईल. त्या क्षणी ७७७ लिहिण्याआधी त्यांनी एवढेच विचारावे : ही नोंद कोणाची आहे, आणि ती बदलली तर कोणाचे पोट मारले जाईल? मागावर बसलेला विणकर कार्डाला भोक पाडण्यापूर्वी नक्षीचा कागद पुन्हा एकदा पाहतो. तेवढा वेळ प्रत्येक नोंदीला मिळाला पाहिजे.