चार ग्रंथींचे गाव : स्वागताध्यक्षीय भाषण

मानेत, थायरॉइडच्या पाठीला चिकटून, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातले कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर राखणे हे त्यांचे काम. ते घटले की त्यांचे संप्रेरक वाढते. हाडांतून कॅल्शियम सुटते, मूत्रपिंड ते लघवीवाटे जाऊ देत नाही आणि सक्रिय झालेल्या ड जीवनसत्त्वामुळे आतडे अन्नातून अधिक शोषते. पातळी सावरली की स्राव ओसरतो. एखाद्या ग्रंथीत गाठ झाली, बहुधा साधीच, की हा आवर सुटतो. कॅल्शियम चढलेले असूनही स्राव चालूच राहतो. हाडे झिजतात, मूतखडे होतात, तहान, बद्धकोष्ठ, थकवा, उदासी मागे लागते. रुग्ण मात्र कधी हाडांच्या, कधी मूतखड्यांच्या डॉक्टरांचे उंबरठे झिजवतो. दोषी ग्रंथी काढणे हा खात्रीचा इलाज.

या ग्रंथींची परिषद स्वीडनमधल्या उप्सालात भरावी हे उचितच. १४७७ चे विद्यापीठ, लिनियसची बाग, सेल्सियसचे नाव यांची ख्याती जगभर आहे. गुस्तावियानुम या विद्यापीठाच्या इमारतीच्या घुमटाखाली ओलोफ रुडबेकने १६६० च्या दशकात उभारलेले शवविच्छेदनाचे प्रेक्षागृह मात्र प्रतिनिधींनी चुकवू नये : मध्ये मेज, भोवती खड्या चढणीचे अष्टकोनी कठडे, बसायची सोय नाही, दोनेकशे माणसांनी उभ्यानेच पाहायचे. पॅराथायरॉइडशी या वास्तूचा संबंध बेताचाच. तरी तिच्यावाचून उप्सालाचे स्वागत अपुरे.

खरा मान ईवार सांडस्ट्रॉम या विद्यार्थ्याचा. १८७७ मध्ये त्याला कुत्र्याच्या मानेत ही ग्रंथी दिसली. पुढे ५० मानवी शवे तपासून १८८० मध्ये त्याने निबंध छापला, तोही इथल्याच वैद्यक मंडळाच्या नियतकालिकात, स्वीडिशमध्ये. लंडनच्या रिचर्ड ओवेनने भारतीय गेंड्यात ती आधी पाहिली होती. माणसातला शोध उप्सालाचाच. ग्रंथीचे कॅल्शियमशी नाते १९०९ मध्ये उलगडले. सांडस्ट्रॉम १८८९ मध्येच, ३७ व्या वर्षी गेला होता. त्याचे नाव आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही सांगावे लागते, ही गावाची उणीव.

उणिवा व्यवस्थेतही आहेत. खोल्या लहान, काही सभागृहापासून लांब. जेवणात तिखट बेताचेच. स्वागत समिती त्याबद्दल दिलगीर आहे. भोजनखर्च उचलणारे व्यापारी, वाहने देणारे नागरिक, रात्री जागलेले स्वयंसेवक आणि नाव छापू नये या अटीवर मोठी रक्कम देणारे देणगीदार यांचे ऋण मोठे आहे. प्रतिनिधींनी सेवा गोड मानून घ्यावी आणि जेवणाची कुपने नोंदणीच्या टेबलावरून आजच न्यावीत.