तेरणेचं पाणी, तगराची वाट

(उन्हाळी व्याख्यानमालेत तेरखेडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



राज्याचा इतिहास म्हटलं की आपण राजापासून सुरुवात करतो. मी आज पाण्यापासून करतो. तुमच्या शिवारात पडलेला पाऊस तेरणेत जातो, तेरणेतून मांजरेत, मांजरेतून गोदावरीत. थोडं पश्चिमेला जाऊन बालाघाट उतरला, की तिथला पाऊस सीनेला मिळतो आणि भीमेतून कृष्णेत जातो. घराच्या आढ्यावरून पाणी दोन्हीकडे वळावं, तसं. आपण त्या आढ्यावर राहतो.

आढ्याजवळून वाट का जाते? कारण उगमाकडे नद्या लहान असतात. पाऊस सरला की भरली गाडी पात्रातून पार होते. खाली तीच नदी नाव मागते, नावाडी मागते.

आता तेरणेच्या काठानं खाली तेरला चला. पहिल्या शतकात इजिप्तकडून आलेल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं सागरी व्यापाराची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती ओळखली जाते. तो लिहितो, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे नेमकं कुठलं गाव, यावर विद्वानांचा बराच काळ वाद चालला. कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर, कुणी धारूर. 1901 साली फ्लीट यांनी ते तेर असल्याचं मांडलं आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळ दिलं.

हिशेब तुम्हीच करा. आजच्या रस्त्यानं पैठण-तेर अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. दहानं भागा. दिवसाला वीसेक किलोमीटर, म्हणजे भरल्या बैलगाडीची चाल!

त्या गाड्यांत काय असायचं? पैठणहून मौल्यवान खडे, तगराहून जाडंभरडं कापड आणि तलम मलमलही. शिवाय किनाऱ्याकडून तगरात आलेला मालही इथूनच पुढे जायचा. काळ्या जमिनीनं कापूस दिला, पण गावाचं नगर केलं ते वाटेनं. पिकवणारी गावं पुष्कळ होती, माल एकत्र येऊन पुढे निघायचा ती ठिकाणं मोजकी.

राज्य इथे येतं. सातवाहनांचं पैठण या वाटेवर, नाणेघाट याच व्यापाराच्या तोंडावर. वाटेवर चोर नको, घाटात अडवणूक नको, नाणं खणखणीत हवं, ही व्यापाऱ्याची गरज. त्याबदल्यात तो जकात देणार. म्हणून भांडणंही वाटेसाठीच झाली. पेरिप्लसमध्येच नोंद आहे, की कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. बंदर ज्याच्या हाती, जकात त्याची. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षत्रप नहपानाचा पाडाव केला आणि काय केलं? त्याच्याच चांदीच्या नाण्यांवर आपला छाप मारला. 1906 साली जोगलटेंभीला सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी नऊ हजारांवर तो आहे. राजा बदलला तरी बाजार थांबू द्यायचा नाही, हे शहाणपण त्या नाण्यांवर उमटलेलं आहे.

वाटेवरून माल जातो तशी रीतही जाते. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी नातं सांगणारी मूर्ती 1938 साली इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेत सापडली. सन 79 मध्ये ज्वालामुखीनं ते शहर गाडलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच समुद्रापार गेलेली. तेरचं त्रिविक्रम मंदिर पाहा. मागची बाजू अर्धगोल, बांधणी विटांची. घडण बौद्ध चैत्याची आणि आत विष्णू. आधी एक पंथ आला, मग दुसरा. वास्तू तीच राहिली. तेरणेच्या मातीनं विटा दिल्या, भांडी दिली, बाहुल्या दिल्या. पुढे त्याच गावी गोरोबाकाका चिखल तुडवत विठ्ठलाचं नाव घेत होते. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. शिलाहार राजे कोकणात राहिले, कोल्हापुरात राहिले, पण शतकानुशतकं स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत राहिले. तगर त्यांच्या हाती नव्हतं, वाटही दुसरीकडे वळली होती. तरी त्या नावाची पत बाजारात आणि दरबारात चालत होती.

आज तुमच्या गावाजवळून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. येडशी, तेरखेडा, बीड, गेवराई. पैठणची जुनी दिशा हीच. तेरखेड्याचे फटाके याच रस्त्यानं दूरदूरच्या दिवाळीत पोहोचतात. इथला माल लांबवर ओळखला जावा, ही गोष्ट या मुलखाला नवी नाही.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू जपल्या. त्यांच्या नावाचं संग्रहालय आज तिथे आहे. एकदा मुलांना घेऊन जा. तिथे मणी आहेत, मातीच्या बाहुल्या आहेत. राजांची नावं पाठ नसली तरी चालेल. फक्त एवढं विचारा, की हा मणी इथवर कोणत्या वाटेनं आला असेल? आणि परत येताना गाडीच्या खिडकीतून ती वाट बघा.