आईबापाची काळजी मोजायची कशी?

(रौप्यमहोत्सवी पालक मेळाव्यातील भाषण)



पाण्याच्या टाकीवरून भांडणारा म्हणून तुम्ही मला ओळखता. पण नोकरीत मी मानसशास्त्र शिकवलं, म्हणून आज हा विषय.

'मुलांच्या शिक्षणाची चिंता वाटते का?' असं विचारलं की निम्मे 'वाटणारच' म्हणतात आणि निम्मे 'छे, आमचं काही दडपण नाही'. यातून मोजणार काय? म्हणून प्रश्नावली वागण्याबद्दल विचारते. परीक्षेच्या आठवड्यात झोप मोडते का? मुलाचे मार्क कळल्यावर लगेच शेजारच्याचे विचारता का? 'कधीच नाही' ते 'नेहमी' अशा पायऱ्या आणि पायरीगणिक गुण. ही रीत लायकर्ट यांनी १९३२ साली मांडली. पुढे स्पीलबर्गर यांनी प्रसंगापुरती चिंता आणि स्वभावातली चिंता वेगळी मोजली. दोन्हींना वीस-वीस प्रश्न, गुण २० ते ८०. निकालाच्या आदल्या रात्री आकडा चढला तर चालायचंच. दिवाळीतही तो तेवढाच राहिला, तर मात्र लक्ष द्यावं.

पण आकडा कारण सांगत नाही. आपल्याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव राजवाड्याजवळच्या शाळेत दाखल झालं. त्या घरची काळजी होती, पोराला वर्गात बसू देतील का. कर्मवीरांच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. आज कुणाला फीची काळजी, कुणाला शेजारच्या मुलाच्या मार्कांची. दोघांचेही गुण ६० येऊ शकतात!

आता माझं सांगतो. मुलगा दहावीत होता तेव्हा मी रात्री त्याच्या दाराखालचा उजेड बघायचो. उजेड दिसला की निवांत झोपायचो. तेच माझं मीटर. स्वतः बाप झाल्यावर तो एकदा म्हणाला, "बाबा, मी दिवा चालू ठेवून झोपायचो. नाहीतर तुम्ही रात्रभर फेऱ्या मारायचात."

मला काही बोलता आलं नाही. माझी काळजी त्या पोरानं मोजली होती, आणि तिची सोयही केली होती.

खुर्चीवर दहा प्रश्नांचा कागद ठेवलाय. तो मीच तयार केलाय, त्यामुळे त्यावरून रोग ठरवू नका. नाव लिहायचं नाही. नवरा-बायकोनं वेगवेगळा भरायचा, एकमेकांच्या कागदात डोकावायचं नाही. आणि एक जादा कागद घरी न्या. 'आईबाबांना किती काळजी वाटते' ते मुलांना भरू द्या. दोन्ही बेरजा घरीच शेजारी ठेवून बघा. मला आणून दाखवू नका.