बिल्ल्यावर नाव नसतं तेव्हा

जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं आणि पदकं जमवणाऱ्यांच्या संग्रहात आणखी एक वस्तू हटकून दिसते. ती म्हणजे सैनिकाच्या गळ्यातला ओळखीचा बिल्ला. इंग्रजीत त्याला थट्टेने ‘डॉग टॅग’ म्हणतात. वस्तू बोटभर लांबीची. पण ती कोणाची, हे शोधायला बसलं की महिने जातात.

दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन बिल्ला वाचायला सोपा. नाव, नंबर, रक्तगट, धनुर्वाताची लस टोचल्याचं वर्ष, धर्माचं एक अक्षर. त्याच्या कडेला एक खाच असते. मेलेल्या सैनिकाच्या दातांत बिल्ला ठोकून बसवण्यासाठी ती केलेली आहे, असं लोक छातीठोकपणे सांगतात. तसं काही नाही. अक्षरं ठसवणाऱ्या यंत्रात पत्रा नीट बसावा म्हणून ती खाच! पण नाव मिळालं म्हणजे माणूस मिळाला असं नाही. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या सरकारी दफ्तरखान्याला आग लागली आणि दीड कोटीहून जास्त सैनिकांच्या फायली जळून गेल्या.

जर्मन बिल्ल्याची गंमत उलटी आहे. त्याच्यावर नावच नसतं. लंबगोल पत्रा, मधोमध फटींची ओळ आणि दोन्ही अर्ध्यांवर तोच मजकूर: तुकडीचं संक्षिप्त नाव, एक क्रमांक आणि बहुतेक वेळा रक्तगट. समजा, त्यावर पायदळाच्या १७व्या ‘एर्झात्स’ बटालियनचा शिक्का आहे. नवखा संग्राहक लगेच १७व्या रेजिमेंटच्या लढायांचा इतिहास उघडून बसतो. पण एर्झात्स म्हणजे भरती आणि प्रशिक्षणाची तुकडी. ती मायदेशात असायची. पोरगा तिथे कवायत शिकायचा आणि पुढे कुठल्याही आघाडीवर जायचा. बिल्ला मात्र पुष्कळदा पहिलाच राहायचा. म्हणजे तो सैन्यात कुठल्या दारातून शिरला हे कळतं, कुठे पडला हे कळत नाही.

मग नाव कुठे? ते बर्लिनमध्ये. १९३९ साली तिथे सैनिकांच्या नोंदींचं एक कार्यालय सुरू झालं. कोणाला कोणता बिल्ला दिला, कोण बदलून गेला, कोण जखमी झाला, याच्या याद्या प्रत्येक तुकडीने तिकडे पाठवायच्या असा नियम होता. त्या कार्यालयात १ कोटी ८० लाख सैनिकांची कार्डं जमली. २०१९ पासून हे सगळं दफ्तर जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

आता त्या फटींच्या ओळीकडे या. सैनिक मेला की खालचा अर्धा भाग मोडून घ्यायचा आणि नोंदीसाठी पाठवायचा. दोरीसह वरचा अर्धा मृतदेहावरच ठेवायचा. तेव्हा बाजारात अख्खा बिल्ला दिसला, तर एक शक्यता अशी की माणूस जिवंत घरी परतला. दुसरी शक्यता वाईट आहे. पूर्व युरोपातल्या जंगलांत धातुशोधक यंत्रं घेऊन चोरून खणणारे लोक आहेत. शिरस्त्राण, बक्कल, बिल्ला विकायला जातो आणि हाडं तिथेच टाकून देतात. पुढे कबरींची देखभाल करणारी जर्मन संस्था, फोक्सबुंड, त्या जागी पोचते तेव्हा हाती येतो एक निनावी सांगाडा. अशा कबरीवर ‘एक अज्ञात जर्मन सैनिक’ एवढंच कोरलं जातं. दहा लाखांहून अधिक जर्मन सैनिकांचं काय झालं, याचा उलगडा अजून झालेला नाही.

हिटलरच्या फौजेतल्या माणसाची एवढी काळजी कशाला, असं कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण नाव सापडलं म्हणून कोणी निर्दोष ठरत नाही. उलट त्याच्या तुकडीने कुठल्या गावात काय केलं, हेही त्याच धाग्याने वर येऊ शकतं.

याच फौजेशी इटलीत आपले मराठा पलटणीचे जवान लढले. १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. ज्यांची कबर ठाऊक नाही, अशांसाठी ते स्मारक आहे. ब्रिटिश अमलाखालच्या सैन्याचे बिल्ले दाबलेल्या तंतूंचे असत, धातूचे नव्हेत. ते मातीत कुजतात. म्हणून तिथे शोध घेणाऱ्यांना बटणं आणि टोपीवरची चिन्हं यांवर भिस्त ठेवावी लागते.

तुमच्याकडे असा एखादा जर्मन बिल्ला आला, तर चिंच किंवा लिंबू लावून घासू नका. जस्ताचा असला तर आंबटाने अक्षरंच निघून जातील. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, प्रत्येक अक्षर आणि टिंबही जसंच्या तसं उतरवून घ्या आणि बर्लिनला कळवा. वरचा अर्धाच तुकडा हाती आला असेल, तर तो बहुधा कबरीतूनच निघालेला. त्याचा जोडीचा तुकडा कदाचित १९४३-४४ सालीच नोंदीला गेला असेल आणि नावही तिथे असेल. हरवलेली असते ती जागा. ती विकणाऱ्याला ठाऊक असू शकते, म्हणून किंमत विचारायच्या आधी तो तुकडा कुठे मिळाला ते विचारा आणि उत्तर तिथल्या तिथे लिहून ठेवा.