फी ठरवा, कागदावर घ्या



धावड्यातला शेतकरी वाटणीचा दावा लावायला भोकरदनला निघतो, तेव्हा सातबारा, फेरफार, आजोबांच्या नावाचा जुना उतारा, सगळं पिशवीत नीट घेतो. वकीलसाहेबांसमोर फीचा विषय निघाला, की मात्र "तुम्ही म्हणाल ते देऊ, साहेब" म्हणून मोकळा होतो. पुढे काही वर्षांनी याच वाक्यावरून भांडण लागतं.

वाद बहुतेक वेळा आकड्याचा नसतो, त्या आकड्यात काय काय धरलं याचा असतो. पक्षकार समजतो, निकालापर्यंतचं सगळं आलं. वकिलांच्या हिशेबी ती दावा दाखल करण्याची फी. कोर्ट फी, टायपिंग, कमिशनरचा खर्च, अपील हे सगळं वेगळं. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. मग सही केलेला वकालतनामा पुढे येतो. पण वकालतनामा म्हणजे काम चालवण्याचा अधिकार; फीचा आकडा त्यात सहसा नसतोच.

तोंडी करार कायद्याला चालतो. 1872 चा करार कायदा प्रत्येक करार लेखीच हवा असं म्हणत नाही. 1926 च्या कायद्यानं वकील आणि पक्षकाराला आपसात फी ठरवायची मुभा दिली, आणि थकलेल्या फीसाठी वकिलाला दावाही करता येतो. अडतं ते पुराव्यावर. चार भिंतींत झालेलं बोलणं कोर्टात सिद्ध कसं करणार?

काही गोष्टी मात्र ठरवताच येत नाहीत. संपादित जमिनीच्या वाढीव मोबदल्यात इतके टक्के वकिलाचे, हा सौदा बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. वसुलीतला निम्मा वाटा ठरवणाऱ्या वकिलाला सर्वोच्च न्यायालयानं 1954 सालीच गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं. फी थकली म्हणून पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे त्याच न्यायालयानं 2000 साली सांगितलं. आणि त्याच न्यायालयाच्या 2024 च्या निकालानंतर वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगाकडेही जाता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट बोललेलं बरं.

पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरची विकली, की वजन, भाव आणि कपात लिहिलेली पट्टी आपण मागून घेतो. त्यात आडत्याचा अपमान होत नाही. वकिलाकडे, इंजिनिअरकडे, हिशेब लिहिणाऱ्याकडे तशीच चिठ्ठी मागा. काम कोणतं, कुठपर्यंत, फी किती, हप्ते कधी, खर्च कोणाचा, एवढ्या पाच ओळी लिहून दोघांनी सह्या करा. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या. त्या कागदानं वकिलाचे कष्टही बुडत नाहीत.

आणि फी परवडतच नसेल तर? 1987 च्या कायद्यानं स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. गरिबांसाठीही ही सोय आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा. पैशाअभावी जमिनीवरचा हक्क सोडून देऊ नका.